मोहाखालची अंगणवाडी

मार्च सरत आला की आमच्या अंगणवाडीच्या पटावर नावं तेवढीच राहतात, पोरं मात्र जंगलात असतात. झरी-जामणी तालुक्यातल्या एका कोलाम पोडावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर, मी सेविका आहे. मोहाची फुलं रात्री गळतात, ती गुरांच्या तोंडी लागण्याआधी, उजाडतानाच वेचावी लागतात. घरची धडधाकट माणसं टोपल्या घेऊन निघाली की तीन-चार वर्षांचं लेकरू कोणाच्या भरवशावर ठेवणार? तेही आईच्या कडेवर बसून जातं. उन्हामुळे आमचीही वेळ सकाळचीच. मी खोली उघडायची तेव्हा पोडात म्हातारी माणसं आणि कोंबड्या.

प्रशिक्षणात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याबद्दल ऐकलं होतं. १९४५ साली बोर्डीला त्यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलं जिथे, शाळा तिथे. मग आम्हाला मोहाचं झाड काय वाईट? मदतनीस त्याच पोडाची, कोलामी बोलणारी. तिला घेऊन मी पहाटेच निघाले. एक आजी हसून म्हणाली, "बाई, आता शाया बी मोहाखाली आली का वो?"

सोबत काहीच नेलं नव्हतं, लागलंही नाही. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा आधीच जाळतात, त्यामुळे कोळसे तयार. आमच्या भागात चुनखडीचे फिकट दगड. त्यावर कोळशाने रेघा, गोल, मग शेपटीवाली जनावरं निघू लागली. फुलांचे ढीग करायचे: स्वच्छ इकडे, माती लागलेली तिकडे. एकाने फेकायचं, दुसऱ्याने झेलायचं. वेचायचं काम मोठ्यांचं, आमचा फक्त खेळ. ऊन तापायच्या आत सगळ्यांना परत आणून खिचडी वाढायची, हा नियम मात्र कडक.

एक दिवस पाच वर्षांच्या एका पोरीने काठोकाठ भरलेल्या टोपलीवर दोन्ही हात दाबले. फुलं खाली बसली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "भरली व्हती, आता नाही." मी काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने तीच टोपली पुन्हा भरली, पुन्हा दाबली. अंगणात वाळत घातलेला मोह चार दिवसांत आक्रसला, तेव्हा पोरांत वादच लागला. एकाचं म्हणणं कोंबड्यांनी खाल्ला, दुसऱ्याचं उन्हाने. खोलीतल्या तक्त्यावरचं 'जास्त-कमी' शिकवताना असा वाद कधी झाला नव्हता.

दुपारी बाहेर पडायची सोयच नाही, पारा चव्वेचाळीसच्या पुढे. तेव्हा आज्या सावलीत कोलामीत गोष्टी सांगायच्या. संध्याकाळी पोरं ती गोष्ट मला मराठीत सांगायची, अडलं की कोलामी शब्द घालून. कोलामी तेलुगूच्या गोतातली भाषा, मला तुटक येते. त्यामुळे समजावून सांगायची जबाबदारी त्यांच्यावर पडली. एरवी गप्प बसणारी पोरंही मला दुरुस्त करायला पुढे सरसावली.

मे महिन्यात तेंदूपत्ता आला. मोठी माणसं सत्तर पानांचा पुडा बांधतात, आम्ही टाकून दिलेल्या फाटक्या पानांचा पाचाचा बांधला. पाच पुरतात. दहापर्यंत घोकण्यापेक्षा पाच पानं हातात धरून मोजलेली बरी.

यवतमाळला राहणारी माझी भाची सुट्टीत फोन करते: चार वर्षांचा मुलगा दिवसभर मोबाइल मागतो, शिबिराला घालू का? मी म्हणते, घाल, पण घरातही बघ. तुरीच्या डाळीतले खडे निवडू दे, कुरडयांवर बसणाऱ्या चिमण्या हाकलू दे, माठ भरला की नाही ते सांगू दे. एवढंच, की निवडलेली डाळ खरंच शिजवायची. त्याच्या पाठीमागे पुन्हा निवडायला बसलीस तर उद्या तो हात लावणार नाही.