पाणी उतरलं की माहेर

ओहोटी म्हटलं की आपल्याला अलिबाग आठवतं. माझ्या आजीला उजनी.

आजी कासुर्डीत राहते, तिचं माहेर जुनं पळसदेव. 1980 मध्ये भीमेवरचं उजनी धरण पूर्ण झालं आणि जुनं गाव पाण्याखाली गेलं. दर उन्हाळ्यात फोनवर तिचा एकच प्रश्न, "पाणी कितपत उतरलंय गं?" जणू मी पाटबंधारे खात्यात आहे! "पुढच्या वीकेंडला नक्की," मी म्हणायचे. मग डेडलाइन, मग कुणाचं तरी लग्न, मग पाऊस.

2024 च्या मे महिन्यात धरण मायनसमध्ये होतं, पळसनाथाचं देऊळ उघडं पडल्याचे फोटो मोबाइलवर फिरायला लागले. रविवारी पहाटेच कासुर्डी गाठलं आणि आजीला गाडीत बसवलं. भिगवणला मासळीच्या थाळीचा मोह झाला, पण आजीला धीर नव्हता.

काठावर मच्छीमारांच्या जुन्या होड्या कलंडून पडलेल्या. वाळलेल्या गाळाला भेगा, पायाखाली शिंपल्यांची कचकच. माझे ब्रँडेड शूज रुतत होते. आजी चपला हातात घेऊन पुढे. देवळाच्या शिखराकडे बघत ती एका होडीपाशी थांबली.

"हितं आमचा उंबरा."

मला फक्त गाळ दिसत होता. मग ती वीस पावलं डावीकडे सरकली. "न्हाई, हितं." पुन्हा होडीपाशी आली. पुन्हा डावीकडे.

"लवकर आणलं असतंस तर घावलं असतं गं."

मी काय बोलणार? मोबाइल काढला.

"दोन्ही जागांचा काढ," आजी म्हणाली.