वानखेडेच्या दारात

चर्चगेटला उतरून आम्ही चौघे चालत निघालो. धाकट्याच्या हट्टापायी ओव्हरटाइमचे पैसे तिकिटांत गेले होते.

तिकिटावर गेट, स्टँड, रांग, खुर्ची सारे छापलेले. ज्या गेटचे तिकीट त्याच गेटाने आत जायचे, म्हणजे लोंढा एका दारावर पडत नाही. लोखंडी कठड्यांमुळे रस्त्यावरच रांग एकेरी होते. झडतीत आमची पाण्याची बाटली गेली, भाकरीचा डबाही. आत मात्र पाणी विकत मिळते!

या मैदानाचा जन्मच तिकिटांच्या भांडणातला. ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे. तिकिटांच्या वाट्यावरून मुंबईच्या क्रिकेट संघटनेचे त्या क्लबशी बिनसले आणि शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने हाकेच्या अंतरावर हे मैदान उभे राहिले. जानेवारी १९७५ मध्ये येथल्या पहिल्याच कसोटीत क्लाइव्ह लॉईडने द्विशतक ठोकले. अभिनंदनाला धावलेल्या एका प्रेक्षकाला पोलिसांनी बदडले आणि गर्दी खवळली. चहापानानंतरचा खेळ बुडाला. गर्दी आवरणाऱ्यांनीच ती पेटवली, असे आमचे मत.

२ एप्रिल २०११ च्या विश्वचषक अंतिम सामन्याला सुमारे ३३ हजार खुर्च्या होत्या. सर्वसामान्यांसाठी विक्रीला आली जेमतेम चार हजार तिकिटे. बाकीची क्लब, क्रिकेट परिषद अशांच्या वाट्याला. आपल्यासारख्यांनी तो सामना टीव्हीवरच पाहिला.

खेळ सुटल्यावर मुलांचे हात घट्ट धरून बाहेर पडलो. गेटापाशी डबा शोधला. सापडला नाही. मग मरीन लाइन्सची वाट धरली.