मंदगतीचें रसायन

वार्धक्य आणि हट्टीपणा यांची आपण उगीचच सांगड घातली आहे. वृद्ध मनुष्य खुर्चीवरून लवकर उठत नाहीं, विचारलेल्याचें उत्तर चटकन् देत नाहीं, एवढ्यावरून त्याच्या स्वभावावर ठपका ठेवून आपण मोकळे होतों. दोष स्वभावाचा नसून बराचसा मेंदूंतील रसायनांचा असतो, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

डोपामिन हें त्या रसायनांपैकीं एक. पाऊल वेळेवर उचललें जावें, तसेंच मन एका विचारावरून दुसऱ्याकडे सहज वळावें, या दोन्ही कामीं तें लागतें. पण मेंदूंत त्याचा स्वीकार करणारीं स्थानें तारुण्यापासूनच दर दशकांत सुमारें शेंकडा ८ ते १० या प्रमाणांत घटत जातात. १८१७ सालीं लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनीं वर्णिलेल्या कंपवातांत डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशींचाच मोठा संहार होतो. वार्धक्यांतील घट त्या मानानें सौम्य असते.

या शोधांत आपल्या सर्पगंधेचाही वांटा आहे. तिच्यापासून काढलेलें रिसर्पिन टोंचतांच ससे निपचित पडले. ज्यापासून मेंदू डोपामिन बनवितो तें एल्-डोपा देतांच ते पुन्हां हिंडूं लागले. स्वीडनमधील आर्विड कार्ल्सन यांनीं हा प्रयोग १९५७ सालीं प्रसिद्ध केला. २००० सालच्या नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यांत ते होते.

हें वाचल्यावर आमच्या अण्णांच्या अखेरच्या वर्षांचा मला उलगडा झाला. एखाद्या जुन्या संस्कृत शब्दाचा अर्थ विचारावा, तर ते क्षणभर थांबत आणि मग अचूक सांगत. संपादिलेलें ज्ञान वयाबरोबर सहसा ओसरत नाहीं. मंदावते ती त्याच्यापर्यंत पोहोंचण्याची गति. पण घरांतील तरुणांना तेवढाही धीर निघत नसे. अण्णांचीं वाक्यें तेच पुरीं करीत. पुढें पुढें अण्णांनीं वाक्यें सुरू करणेंच सोडून दिलें.

कंपवातावर एल्-डोपाचें औषध आहे. नुसत्या वार्धक्यावर तो उपाय नव्हे. रोजचें चालणें-फिरणें हितकारक खरें, परंतु तें ज्याचें त्यानें करावयाचें. घरच्या माणसांनीं करण्याजोगी गोष्ट त्याहून सोपी आहे. प्रश्न विचारून झाला, कीं मनांत दहापर्यंत आंकडे मोजावेत. बहुधा सातव्याआठव्या आंकड्याला उत्तर येतें, असा माझा अनुभव आहे.