आधी डिप्लोमा, मग तबला

परवा रविवारी नातवाचा पुण्याहून फोन आला. "आजी, मी नोकरी सोडतोय. मला लघुपट करायचेत. ज्यात मन नाही त्यात आयुष्य का घालवायचं?" पाठोपाठ त्याच्या बाबाचा, म्हणजे माझ्या लेकाचा फोन. "आई, तुझं ऐकेल तो. समजाव त्याला." तेव्हापासून डोक्यात हाच भुंगा.

आता माझंच सांगते. बी.ए.ला माझा विषय मराठी. कविता शिकवायची कोण हौस! पण शाळेत रुजू झाले तेव्हा जागा होती भूगोलाची. घरात पगाराची गरज होती, मुकाट्याने घेतली. पहिलं वर्ष रडतखडत गेलं. मी फळ्यावर काढलेला भारत भोपळ्यासारखा दिसे आणि मुलं फिदीफिदी हसत. मग हट्टाला पेटून रोज रात्री पाटीवर नकाशा गिरवू लागले. तिसऱ्या वर्षी पुस्तकात न बघता हात फिरू लागला. मोसमी वारे, काळी माती, सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस कमी का, हे सगळं शिकवता शिकवता मलाच गोडी लागली. पुढे मराठीची जागा रिकामी झाली तेव्हा मीच नको म्हटलं! आवड आधीच असावी लागते असं नाही. हात बसला की ती मागून येते.

दादासाहेब फाळक्यांचंच बघा ना. मुंबईच्या जे.जे.त शिकले, मग बडोद्याच्या कलाभवनात. गोध्रा इथे फोटोचा स्टुडिओ काढला, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, नंतर छपाईचा धंदा. १९११ साली ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहून ते झपाटले, तेव्हा चाळिशी गाठली होती. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. वेड एका दिवसात लागलं, पण ते पेलणारे हात कितीतरी वर्षं तयार होत होते.

हे सगळं नातवाला ऐकवावं म्हणून फोन उचलला आणि नजर माळ्याकडे गेली. तिथे गवसणीत लेकाचा तबला आहे. तो सोळा वर्षांचा असताना त्याचे गुरुजी म्हणाले होते, पोराचा हात चांगला आहे. मी म्हटलं, "आधी डिप्लोमा, मग तबला." ते 'मग' कधी आलंच नाही. आज तो आपल्या कामात वाकबगार आहे, बिघडलेल्या यंत्राबद्दल रंगून बोलतो. पण कुठे तबला ऐकला की गप्प होतो. अहो, त्याचा हात तर बसतच होता, तबल्यावर! जे मला भूगोलानं शिकवलं, ते त्याच्या बाबतीत मला दिसलं नाही.

म्हणून आधी लेकालाच फोन लावला. म्हटलं, "माळ्यावरचा तबला खाली काढू का रे?" बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "पुडी बदलावी लागेल, आई."

नातवाला एवढंच सांगितलं की नोकरी सोडायची की नाही हे तू ठरव. पण त्याआधी सुट्टीच्या दिवसांत एक लघुपट शेवटपर्यंत पुरा कर. अर्धा सोडलास तरी तुझं तुला कळेल, पुरा केलास तरी कळेल. "आणि बाबा?" त्यानं विचारलं. म्हटलं, "त्याच्याशी मी बोलते."

असो. येत्या रविवारी दोघंही येणार आहेत. तबला पुसून ठेवलाय.