सिद्धगडाचा वाटाड्या

पहिल्यांदा सिद्धगडावर गेलो तेव्हा मी तेवीस नंबरचा होतो. मुरबाड, म्हसा मागे टाकून बस थांबली, सगळे अंधारातच उतरले आणि लीडरनं मोजणी घेतली. एक, दोन, तीन करत आकडा माझ्यापर्यंत आला. मी मोठ्यानं ‘तेवीस’ म्हणालो आणि दिवसभर तेवढीच माझी ओळख राहिली. एका दिवसाचे ट्रेक असेच असतात. रात्रीची बस, पहाटे पोहे-चहा, रांगेनं चढाई, रांगेनं उतराई.

त्या मोजणीबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. बालेकिल्ल्याच्या चढावर घसारा आहे. पाय टाकला की बारीक खडी खाली वाहू लागते. तिथं माझ्या पुढच्या मुलीचे पाय थरथरायला लागले. लीडर तिच्या खालच्या अंगाला उभा राहिला आणि तिचं एकेक पाऊल त्यानं आपल्या हातानं खडकावर टेकवलं. ज्याला डोंगराची सवय नाही त्यानं पहिल्या वेळी असं कुणीतरी असल्याशिवाय या चढाला हात घालू नये, असं मला आजही वाटतं.

पण पायथ्याच्या स्मारकापाशी आम्हाला दहा मिनिटं मिळाली. तेवढ्यात फोटो झाले, पाण्याच्या बाटल्या भरून झाल्या.

हे स्मारक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांचं. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल माथेरानचे, जन्म 1912 चा. वकिली शिकलेला हा माणूस 1942 च्या आंदोलनात भूमिगत झाला. आझाद दस्ता उभा केला आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे आपल्या साथीदारांसह पाडले. सरकार मागावर होतं. दस्ता या जंगलात शिरला. कुठल्या ओढ्याला पाणी आहे, कुठल्या वाडीत भाकरी मिळेल, हे माहीत असलेली माणसं होती म्हणून ते दिवस निघाले. मग खबर फुटली. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे पोलिसांनी त्यांना इथं गाठलं आणि दोघेही गोळ्यांना बळी पडले. भाईंचं वय तेव्हा अवघं तीस. दरवर्षी त्या तारखेला माणसं इथं जमतात. बाकीचे दिवस इथं फक्त झाडांचा आवाज.

ती दहा मिनिटं मनात सलत राहिली, म्हणून दुसऱ्या वेळी एकटा निघालो. शहापूर तालुक्यातल्या माहुलीसारखा गड एकट्यानं करायला मोकळा वाटतो. आसनगावला लोकल सोडावी आणि मळलेली वाट धरावी. सिद्धगडाला मात्र गाड्यांची साखळी जुळवावी लागते. कल्याणहून एसटीनं मुरबाड, तिथून म्हसा, पुढं जांभुर्ड्याच्या बाजूला मिळेल ते वाहन आणि उरलेलं पायी. म्हशाला पौषातली जत्रा नुकतीच आटोपली होती. गुरांच्या बाजाराची जमीन खुरांनी उकरलेली, खांबलिंगेश्वराच्या वाटेवर एका म्हातारीनं विकायला ठेवलेली उरलीसुरली दोन घोंगडी. तिच्याशी बोलत बसलो तर गाडी सुटली, आणि सुटली तरी काही बिघडलं नाही. एकट्यानं जाण्यातलं हे सुख मला फार मोठं वाटतं.

स्मारकाच्या कट्ट्यावर त्या दिवशी तासभर बसलो. झाडीतून ऊन उतरत होतं. तीस वर्षांचा एक माणूस थंडीतल्या त्या रात्री इथं काय पांघरून निजला असेल, एवढाच विचार येत राहिला. मग उठलो, चढू लागलो आणि अर्ध्या तासात वाट हरवली.

समोर तीन वाटा होत्या, तिन्ही सारख्याच रुंद. एकीनं गेलो, ती कारवीत संपली. दुसरीनं गेलो, ती ओढ्यावर पाण्यापाशी थांबली. गुरांना पाणी हवं असतं, त्यांना गडावर कशाला जायचंय! ढोरवाट ओळखता येत नाही तोवर जंगल आपल्याला फसवत नसतं; आपणच गुरांमागून चाललेले असतो. फोनला रेंज नव्हती. घशाला कोरड पडली ती तहानेची नव्हती. आपण इथं आहोत हे या घडीला जगात कुणालाच ठाऊक नाही, हे कळलं तेव्हा बसची ती मोजणी आठवली.

तेवढ्यात डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली एक बाई वरून उतरली. “येकलाच आलास?” तिनं विचारलं. रागावून विचारलं, घरचं माणूस रागावतं तसं. मोळी तिथंच झाडाला टेकवून ती मला माघारी वळवून घेऊन गेली. दरडीच्या धास्तीनं माचीवरची बरीच घरं खाली हलली आहेत; जी उरली, त्यातल्या एका अंगणात मी कोरा चहा प्यालो. तिचा नवरा बरोबर यायला तयार झाला. पैसे आधीच ठरवले. ठरवावेतच, त्याचा अख्खा दिवस आपण घेत असतो.

त्यानं मला मोजलं नाही. चार पावलं पुढं चालायचा आणि माझ्या श्वासाचा आवाज बदलला की थांबायचा. ज्या झाडाखालून मी पूर्वी रांगेतून गेलो होतो, त्याच्या शेंड्याकडे त्यानं बोट केलं. पानांचा एक मोठा गोळा, शेकरूचं घर. घसाऱ्यावर त्यानं हात दिला नाही, कुठला दगड हलतो तेवढं सांगितलं. माथ्यावर दमदम्या, गोरखगड, मच्छिंद्र आणि आहुप्याची बाजू त्यानं नावं घेऊन दाखवली. पलीकडच्या एका गावाशी त्याची सोयरीक होती. तिकडे हात करताना त्याचा आवाज मऊ झाला.

उतरताना ऊन कललं होतं, मला गाडीची घाई होती. मी बघत होतो घड्याळाकडे. स्मारकाशी आल्यावर तो न सांगता थांबला. चपला काढून त्यानं कडेला ठेवल्या आणि अनवाणी पुढं गेला.

सकाळी तासभर बसलो होतो तो पायांत बूट ठेवूनच. खाली वाकलो. घसाऱ्याची धूळ बसून नाडीच्या गाठी घट्ट झाल्या होत्या, लवकर सुटेनात. तो परत फिरून माझ्याकडे बघत उभा राहिला.

“व्हऊ दे सावकाश,” तो म्हणाला.