तानपुरा पलीकडे पोहोचवताना

बोलण्यासाठी बनवलेल्या मीटिंगच्या सॉफ्टवेअरला एकसारखा चालू असलेला आवाज म्हणजे पंखा नाहीतर एसी वाटतो, आणि ते तो पुसून टाकतं. तानपुरा नेमका तसाच एकसारखा चालू असतो. २०२०च्या टाळेबंदीत आमच्या बाईंचा गाण्याचा वर्ग डोंबिवलीतल्या त्यांच्या खोलीतून लॅपटॉपवर गेला, तेव्हा सगळ्यात आधी तानपुरा गेला. बाईंचा आवाज पलीकडे पोहोचायचा, पण शेजारी फोनवर लावलेला तानपुरा काही क्षणांत विरून जायचा. त्याहून वाईट म्हणजे बाईंनी षड्ज लावून धरला, की तोही हळूहळू मावळायचा. न्यू जर्सीतली एक मुलगी संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे तिच्याकडे सकाळी आठला, शिकायला बसायची. तिने विचारलं, “बाई, तुम्ही सा का सोडलात?” बाईंनी सा सोडलेला नव्हता.

मी बाईंकडेच शिकतो आणि पोटासाठी लिनक्सवर काम करतो, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं. सॉफ्टवेअरमधली गोंगाट कमी करण्याची, प्रतिध्वनी मारण्याची आणि आवाज आपोआप चढवण्या-उतरवण्याची सोय बंद केली. प्रतिध्वनी मारणं बंद केलं, तर बाईंना हेडफोन लावणं भाग होतं. हेडफोनही वायरवालाच हवा. ब्लूटूथच्या हेडफोनचा माइक सुरू झाला, की तो फोन कॉलच्या दर्जावर उतरतो आणि गाण्यातला सगळा गोलावा जातो. एवढं केल्यावर बाईंचा षड्ज शाबूत राहिला. पण माइकमधून जाणारा तानपुरा खोलीतल्या पंख्यात मिसळून जात होता. तो हवेतून न जाता संगणकाच्या आतल्या आत, बाईंच्या आवाजाबरोबर एकत्र होऊन पलीकडे जायला हवा होता.

लिनक्सवर याची सोय टर्मिनलमध्येच आहे. तेव्हा त्या लॅपटॉपवर पल्सऑडिओ होतं. लेनार्ट पॉटरिंग यांनी २००४ साली सुरू केलेला हा ध्वनिसर्व्हर. त्याला सूचना द्यायची कमांड म्हणजे पीएसीटीएल. तिच्या भाषेत आवाज जिथे जाऊन पडतो ती जागा सिंक, आणि जिथून निघतो ती सोर्स. तिला ‘नल सिंक’ लोड करायला सांगितलं, की नुसत्या नावाची एक जागा तयार होते. मागे साउंडकार्ड नाही, स्पीकर नाही. पण तिथे जे जे येऊन पडेल त्याची बेरीज तिच्या ‘मॉनिटर’मधून बाहेर घेता येते. आणि ‘लूपबॅक’ म्हणजे एका सोर्सपासून एका सिंकपर्यंत टाकलेली, डोळ्यांना न दिसणारी वायर. एवढ्या दोन गोष्टींवर सगळी रचना उभी राहिली.

मी चार नल सिंक केले: तानपुरा, वर्ग, शिष्य आणि नोंद. लॅपटॉपवरच्या तानपुऱ्याच्या प्रोग्रामचा आवाज पहिल्यात. तिथून एक लूपबॅक बाईंच्या हेडफोनकडे, दुसरा ‘वर्ग’कडे. बाईंचा माइक फक्त ‘वर्ग’कडे. ‘वर्ग’चा मॉनिटर मीटिंगला माइक म्हणून द्यायचा. काही ब्राउझर मॉनिटरला माइक मानतच नाहीत, यादीत दाखवतही नाहीत. म्हणून ‘रीमॅप सोर्स’ नावाच्या मॉड्यूलने त्याला साध्या माइकचं रूप दिलं. मुलीचा येणारा आवाज ‘शिष्य’मध्ये, आणि तिथून हेडफोनकडे. ‘नोंद’मध्ये ‘वर्ग’ आणि ‘शिष्य’ दोन्ही, कारण बाईंना नंतर धडा परत ऐकायचा असतो.

यात मुद्दाम न टाकलेल्या वायरी टाकलेल्यांइतक्याच महत्त्वाच्या आहेत. ‘शिष्य’पासून ‘वर्ग’कडे काही जात नाही, नाहीतर मुलीला स्वतःचाच आवाज उशिरा परत ऐकू आला असता. बाईंचा माइक त्यांच्या हेडफोनमध्ये जात नाही. लूपबॅकला काही सांगितलं नाही तर तो २०० मिलिसेकंद उशीर धरून चालतो, आणि आपलाच सूर इतक्या उशिरा कानावर आला तर मुरलेला गायकही अडखळतो. बाई हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवून स्वतःला नैसर्गिकपणे ऐकतात. कुणाचा आवाज कुणाच्या कानी पडायचा आणि कुणाच्या नाही, हे शिकवताना नेहमीच ठरलेलं असतं. बैठकीत ते बसण्याच्या जागांवरून ठरतं. इथे ते ओळीओळीने लिहावं लागलं.

पातळ्या जुळवायला जास्त वेळ लागला. आवाज मिसळणं म्हणजे आकड्यांची बेरीज. दोन पूर्ण जोराचे आवाज एकत्र आले तर बेरीज ६ डेसिबलपर्यंत वर जाऊ शकते, आणि मर्यादा ओलांडली की सूर फाटतो. त्यात पल्सऑडिओचे टक्के सरळ रेषेत चालत नाहीत. ५० टक्के म्हणजे मूळ पातळीच्या सुमारे १८ डेसिबल खाली. पीएसीटीएल टक्क्यांशेजारी डेसिबलही दाखवते, म्हणून मी टक्के सोडून डेसिबलच वाचू लागलो. बाईंचं परिमाण मात्र वेगळं होतं. “तानपुरा ऐकू आला नाही पाहिजे, पण बंद केला तर कळलं पाहिजे,” असं त्या म्हणाल्या. तिथपर्यंत एक-एक डेसिबल करत गेलो.

तानपुऱ्याच्या बाबतीत एक मोठी सोय आहे. त्याला मात्रा नाहीत. मुलगी इथल्या तानपुऱ्यावर गाते, तिचं गाणं बाईंच्या हेडफोनमध्ये उशिरा येतं आणि तोवर तानपुरा पुढे गेलेला असतो. पण षड्ज षड्जच असतो, त्यामुळे तिचा गंधार कुठे लागला हे बाईंना अचूक कळतं. तबल्याचं तसं नाही. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. जाण्यायेण्यात २५० मिलिसेकंद गेले तरी गाणं अर्धी मात्रा मागे पडतं. हे कुठल्याही कमांडने सुटत नाही, आणि सुटेल असं कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नये. आम्ही वाट बदलली. मुलगी गाणार असेल तेव्हा ठेका तिच्याच घरी वाजतो आणि तिच्या आवाजाबरोबरच येतो. बाईंना दोन्ही एकत्र ऐकू येतात, सम चुकली तर लगेच कळते. बाईंनी मात्रा बोटांवर मोजायच्या, मध्ये गायचं नाही, एवढं पथ्य.

बाई गाऊन दाखवतात तेव्हा ठेका इथून, तानपुऱ्यासारखाच हेडफोनकडे आणि ‘वर्ग’कडे जातो. तिथे एक बारीक अडचण निघाली. मुलगी म्हणायची, बाई समेवर किंचित मागे येतात. बाई समेवर मागे येत नाहीत. ठेका हेडफोनपर्यंत लूपबॅकमधून थोडा उशिरा पोहोचत होता, बाई त्याला धरून गात होत्या, आणि त्यांचा आवाज पुन्हा माइकच्या लूपबॅकमधून आणखी थोडा उशिरा ‘वर्ग’मध्ये पडत होता. ठेका मात्र ‘वर्ग’मध्ये आधीच पोहोचलेला. उपाय साधा होता: ठेक्याच्या ‘वर्ग’कडे जाणाऱ्या लूपबॅकला जास्त उशीर द्यायचा. कानाने जुळवत मी ६० मिलिसेकंदांवर स्थिरावलो. त्या संध्याकाळी ध्वनिमुद्रण ऐकताना सम आणि ‘धा’ एकावर एक बसलेले ऐकले, तेव्हा बाईंइतकाच मलाही आनंद झाला.

हे सगळं माउसने सरकवायच्या पट्ट्यांवर राहिलं असतं तर टिकलं नसतं. मॉड्यूल लोड केलं की पीएसीटीएल एक क्रमांक देते, आणि काढताना तोच सांगावा लागतो. मीटिंग बंद करून उघडली की तिच्या आवाजाचा क्रमांकही बदलतो. म्हणून सगळ्या ओळी एका फाइलमध्ये ठेवल्या. फाइल क्रमांक स्वतः जपते, आणि मीटिंगचा आवाज प्रोग्रामच्या नावावरून शोधून ‘शिष्य’मध्ये हलवते. पुढे लॅपटॉप बदलला आणि नव्या लिनक्सवर पल्सऑडिओच्या जागी विम टायमन्स यांचं पाइपवायर आलं. फेडोराने ते २०२१ साली आपल्या ३४व्या आवृत्तीत मुख्य केलं होतं. पाइपवायर जुन्या पीएसीटीएलच्या सूचना ऐकतं, म्हणून माझी फाइल जवळपास जशीच्या तशी चालली. वर पीडब्ल्यू-टॉप या कमांडमध्ये कुठली कडी वेळेत पोहोचत नाही हेही दिसू लागलं. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या गतीला एका वेळी १०२४ नमुन्यांचा घास म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद. मी तो २५६वर आणला, साडेपाचाच्याही खाली. त्यानंतर ठेक्याचा उशीर नव्याने कानाने जुळवावा लागला.

न्यू जर्सीतल्या मुलीला आता इथून तानपुरा जात नाही. आवाज पक्का झाल्यावर बाईंनी तिला स्वतःचा तानपुरा घ्यायला लावला, तो जुळवायला शिकवला, आणि मला ‘वर्ग’कडे जाणारा तानपुऱ्याचा लूपबॅक तिच्या वेळेपुरता काढून टाकायला सांगितलं. आता तिचा तानपुरा तिच्या माइकमधून इकडे येतो. कधी खर्ज उतरलेला असतो, मग धड्याची पहिली काही मिनिटं खुंट्या आणि मणी फिरवण्यात जातात. नव्या मुलांसाठी फाइल पूर्वीसारखीच चालवतो.