हिशेब वाचताना

बचत गटाच्या बैठकीचे नियम चारच. तारीख ठरलेली, बचत सगळ्यांसमोर मोजायची, कर्ज सगळ्यांसमोर मागायचं, हिशेब मोठ्याने वाचायचा. नाबार्डने 1992 मध्ये 500 गट बँकांशी जोडायचा प्रयोग हाती घेतला आणि ही पद्धत देशभर गेली. भोर-वेल्ह्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांनी ती रुजवली. माझ्या हुद्द्याच्या नावात ‘ज्ञानव्यवस्थापन’ आहे. ते मी शिकले तोरण्याच्या पायथ्याच्या या बैठकांत.

हिशेबनीस बाईंनी ‘दोन हप्ते थकले’ असं वाचलं की कारण निघतं: म्हैस मेली. मग कुणीतरी विचारतं, कानातला बिल्ला ठेवलास ना? बिल्ल्याशिवाय विम्याचा दावा होत नाही. कोणता डॉक्टर रात्री फोन उचलतो, तेही तिथेच कळतं. विषयपत्रिकेत यातलं काही नसतं, ते आपोआप निघतं.

इल्या प्रिगोजिन यांना 1977 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशा आपोआप उभ्या राहणाऱ्या रचनांच्या अभ्यासासाठी. तेलाचा पातळ थर खालून तापवला की त्यात षटकोनी घरं पडतात. ती कुणी आखत नाही. पण भांडं लागतं आणि आचही लागते. गटात भांडं म्हणजे ते चार नियम, आच म्हणजे स्वतःचा पैसा. एकीच्या थकलेल्या हप्त्यात दुसरीची बचत अडकलेली, म्हणून ती कान देऊन ऐकते.

ज्ञानव्यवस्थापनाचे अभ्यासक नोनाका आणि ताकेउची यांनी 1995 च्या पुस्तकात अंगवळणी पडलेलं ज्ञान शब्दांत कसं येतं आणि पुन्हा अंगात कसं मुरतं, ते मांडलं. संस्थांनी त्यातलं ‘लिहून काढा’ एवढंच उचललं. मग नोंदींत बिल्ल्याची गोष्ट ‘इतर’ रकान्यात जाऊन बसते, ती बसतेच.

मात्र आपोआप होतं ते सगळं चांगलंच, असं मी मानत नाही. माहिती नात्यागोत्याची वाट धरते. माहेर-सासरच्या येण्याजाण्यातून ती वेल्ह्याहून भोरला सहज पोचते. कातकरी वस्तीवर आणि डोंगरावरच्या धनगरवाड्यावर पोचत नाही. आणि म्हशीतलं सगळ्यात जास्त कळतं ते धनगरवाड्यालाच! तिथे कार्यकर्तीने हात घालावाच. पत्रकं वाटून काही होत नाही, बैठकच वर न्यावी लागते. त्यांना खाली बोलावलं तर धारेची वेळ चुकते, म्हणून दुपारची, दोन धारांच्या मधली. खालच्या बायका चढणीवर कुरकुरतात. लावणीच्या दिवसांत ते रास्तच असतं, तेवढ्यापुरती बैठक पुढे ढकलतो.